पोचपावती

देणे ही क्रिया एकच असली, तरी आपल्या भाषेने तिला निरनिराळी नावे दिली आहेत आणि त्या नावांत पूर्वजांचे नीतिशास्त्र सामावलेले आहे. वाडीत पहिली काकडी धरली, वालाच्या शेंगा उतरल्या, आंब्याची पहिली अढी पिकली, की त्यातला थोडा वाटा शेजाऱ्यांकडे आणि सोयऱ्यांकडे जातो. तो वानवळा. वानवळ्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लग्नकार्यात जे दिले जाते तो आहेर. त्याची वही असते. कोणी किती दिले हे तीत लिहिले जाते आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले, की ती वही उघडून तेवढेच किंवा थोडे अधिक परत केले जाते. वानवळा हा आपल्या सुखातला वाटा असतो, तर आहेर ही मानाची फेड असते. समाजाला दोहोंची गरज आहे. मात्र एकाची जागा दुसऱ्याने घेतली, की नात्यात कडवटपणा शिरतो.

परदेशी राहणारे आपले आप्त जी पार्सले पाठवतात आणि आपण त्यांना जी पाठवतो, ती या दोहोंपैकी काय आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांतून एक तरी खुर्ची बारा महिने रिकामी असते, त्या घरांना तो क्षुल्लक नाही हे आम्ही जाणतो. आणि अशी घरे आता आपल्या धर्मग्रामांतून अपवादाने राहिलेली नाहीत.

पोटासाठी समुद्रापार जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरीस राहिली. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि त्यानंतरच्या वर्षांत कुवेत, बहारीन, दुबई, मस्कत ही नावे वसईच्या वाड्यांतूनही ओळखीची झाली. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची भर पडली. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी वस्तू येथे दुर्मिळ होत्या. त्या काळी दुधाच्या भुकटीचा डबा, ब्लँकेट, अत्तराची बाटली, साबणाच्या वड्या यांनी भरलेले खोके घरात आले, की त्याचा सुगंध शेजारच्या घरापर्यंत पोहोचत असे. उलट दिशेने जाणाऱ्या गाठोड्यात सुकेळी, बाटली मसाला, लोणचे, पापड आणि कोणाचे धाडस असेल तर सुके बोंबीलही असत.

आज त्यातली बहुतेक प्रत्येक वस्तू दोन्हीकडच्या बाजारात मिळते. टोरांटोच्या दुकानात आपला मसाला मिळतो आणि वसईच्या दुकानात तिकडचे चॉकलेट मिळते. तरीही पार्सले थांबलेली नाहीत. ती केवळ गरजेपोटी पाठवली जात असती, तर दुकाने उघडताच बंद झाली असती. म्हणजे त्या खोक्यातून वस्तूखेरीज आणखी काहीतरी जाते. ते काय, हाच खरा प्रश्न आहे.

ज्या व्यवस्थेमुळे एखादे खोके एका खंडातून दुसऱ्या खंडात बिनबोभाट जाते, ती व्यवस्था आपण गृहीत धरतो. तिच्यामागे मोठा नैतिक संकल्प आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांच्या प्रतिनिधींनी एक करार केला आणि पत्रव्यवहारापुरते आपण सर्व मिळून एकच टपाल-प्रदेश आहोत असे ठरवले. हिंदुस्थान १८७६ साली त्यात सामील झाला. पार्सलांविषयीचा करार १८८० साली पॅरिस येथे झाला. त्यानंतरच्या काळात या देशांनी आपसांत युद्धे केली, सीमा बदलल्या, साम्राज्ये लयाला गेली, तरी ही व्यवस्था उभी राहिली. अनोळखी देशातील अनोळखी कारकून आणि अनोळखी पोस्टमन आपले खोके ज्याचे त्याला देईल, या विश्वासावर ती चालते. आईने मुलाला पाठवलेले लोणचे हे दोघांचे खाजगी प्रकरण खरे, पण ते पोहोचवण्यासाठी राष्ट्रांना एकमेकांना शब्द द्यावा लागला आहे.

टपाल नव्हते तेव्हा काय होत असे? रोमन साम्राज्याची डाक होती, परंतु ती सरकारी कामापुरती. सामान्य माणसाला त्या बाजूस जाणारा कोणी शोधावा लागे. आजही आपल्याकडे विमानाचे तिकीट निघाल्याची बातमी फुटली, की चार घरांतून चार पुड्या येतात, तसेच ते. या रीतीने गेलेल्या एका भेटीची कथा आपल्या पवित्र ग्रंथात आहे. संत पौल तुरुंगात होते. परंपरेनुसार ते स्थळ रोम. मासेदोनियातील फिलिप्पै येथील लहानशा मंडळीने त्यांच्यासाठी काही साहाय्य गोळा केले आणि ते एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाबरोबर पाठवले. पुढे तो तेथे आजारी पडला आणि मरणाच्या दारातून परतला. तिकडे फिलिप्पैकरांना त्याच्या आजाराची बातमी कळून ते चिंतेत पडले. तेव्हा संत पौलांनी त्याला परत पाठवले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात या साऱ्याचा उल्लेख आहे. ते पत्र आपण ख्रिस्ताच्या विनम्रतेचे स्तोत्र म्हणून वाचतो आणि आनंदाचे पत्र म्हणूनही वाचतो. परंतु त्याच्या शेवटच्या अध्यायापुरते पाहिले, तर ती एका पार्सलाची पोचपावती आहे.

हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. तेथे आपल्याला सर्व पोहोचले असे सांगताना संत पौलांनी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, ते त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर आढळणारे आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसावरील पावत्यांतून, रक्कम भरून पावली या अर्थी तोच शब्द लिहिलेला दिसतो. मात्र पावती देता देता संत पौलांनी तीन गोष्टी केल्या आहेत, आणि त्या तिन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली, त्यांनी आनंद लपवला नाही. दुसरी, थोडक्यात भागवणे आणि विपुलतेत राहणे या दोहोंची आपल्याला सवय झाली आहे असे सांगून, देणाऱ्याच्या मनावर आपल्या गरजेचे ओझे टाकले नाही. तिसरी, आपल्याला देणगीची आस नसून, तिचे फळ देणाऱ्यांच्या खाती जमा व्हावे अशी इच्छा आहे असे म्हटले. परतफेडीचे वचन त्यांनी दिले नाही. ते देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हतेही.

येथे तत्त्वज्ञांचा एक जुना वाद आठवतो. संत पौलांचा समकालीन असलेल्या सेनेका या रोमन विचारवंताने उपकार या विषयावर सात खंडांचा ग्रंथ लिहिला. देणाऱ्याने दिलेले विसरावे आणि घेणाऱ्याने घेतलेले कधीही विसरू नये, असा त्याच्या विवेचनाचा गाभा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हटले, की परत मिळण्याच्या हेतूने जे दिले जात नाही तेच खरे दान. ज्याला आपण काही देतो त्याला त्याआधी आपण प्रेम दिलेले असते, म्हणून प्रेम हीच पहिली देणगी होय. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, काल आणि पात्र पाहून दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे आणि मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस ठरवले आहे.

याच्या उलट साक्ष १९२५ साली मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दिली. पॉलिनेशिया, मेलानेशिया, अमेरिकेचा वायव्य किनारा येथील समाजांचा अभ्यास करून त्याने दाखवले, की फुकट देणगी अशी कोठे नसतेच. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने आहेत. दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा काही अंश जातो आणि तो परतण्यासाठी तळमळत राहतो, अशी त्या लोकांची श्रद्धा असते. आपल्या भाषेत सांगायचे तर अक्वायनस वानवळ्याविषयी बोलतात आणि मोस आहेराविषयी.

कोणाचे खरे मानावे? आम्हांला वाटते, की मोस यांनी माणूस जसा आहे तसा पाहिला. वस्तू आली की मनावर भार येतो, हे आपल्यापैकी कोण नाकारील? दुबईच्या भावाने दोनदा खोके पाठवले, की गावातल्या भावाला आईच्या आजारपणात त्याच्याकडे पैशांचा विषय काढणे कठीण जाते. खोक्याने त्याचे तोंड बंद केलेले असते. उलट बाजूने, ज्याने पाठवले त्याला वाटते की आपण आपला वाटा उचलला, आता घराच्या वाटणीत आपले म्हणणे अधिक वजनाचे. अशा वेळी वही दिसत नसली, तरी ती दोघांच्याही मनात उघडलेली असते. हे मोस यांचे सत्य. परंतु माणूस जसा आहे त्यापेक्षा तो जसा होऊ शकतो ते पाहणे हे धर्माचे आणि नीतीचे काम आहे. ते करावयाचे तर या दोन टोकांमध्ये एखादी वाट असली पाहिजे.

ती वाट पोचपावतीची आहे, असे आमचे नम्र मत आहे. घेणाऱ्याचे देणाऱ्याशी काहीच देणे लागत नाही, हे म्हणणे खरे नाही. तसे असते तर कृतघ्नता हा दोषच राहिला नसता. आणि जेवढे घेतले तेवढे परत केले पाहिजे, हेही खरे नाही. तसे असते तर लहान मूल, आजारी माणूस आणि म्हातारे आईबाप हे सारे कायमचे कर्जदार ठरले असते. घेणारा जे देणे लागतो ते एवढेच, की तुझे पोहोचले, ते असे उपयोगी पडले आणि मी असा आहे, हे त्याने खरेपणाने कळवावे. पोचपावतीत रक्कम परत जात नाही. तरीही तिच्यावाचून व्यवहार पुरा होत नाही.

या विचाराला इतिहासाची साक्ष आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोपात उपासमार होती. १९४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील बावीस संस्थांनी एकत्र येऊन 'केअर' ही संघटना स्थापन केली. दहा डॉलर भरले, की युरोपातल्या एखाद्या नावापत्त्याच्या माणसाला अन्नाचे पार्सल पोहोचवले जाई. पहिली पार्सले ११ मे १९४६ रोजी फ्रान्सच्या ल आव्र बंदरात उतरली. त्यांतला शिधा सैन्यासाठी तयार केलेला आणि युद्ध संपल्यामुळे उरलेला होता. त्याच वर्षी ही पार्सले जर्मनीतही जाऊ लागली. ज्या देशाशी वर्षापूर्वी युद्ध चालू होते, त्याच देशातील घरांत ती उघडली गेली. आरंभी लोक आपल्या युरोपातील नातलगांना ती पाठवत. हळूहळू ज्यांचे नाव ठाऊक नाही अशा उपाशी माणसांसाठीही ती पाठवली जाऊ लागली. पार्सल मिळाले म्हणजे घेणारा सही करी आणि ती पावती पाठवणाऱ्याकडे येई. पराभूत देशातील बाई त्या साखरेची किंमत कशी फेडणार? तिने सही केली, एवढेच. परंतु त्या सहीने ती केवळ भिकारीण राहिली नाही. ज्याच्या उत्तराची वाट पाहिली जाते अशी व्यक्ती ती ठरली.

घेणे हे देण्यापेक्षा कठीण असते, हे आपण पुरेसे मान्य करीत नाही. देताना माणूस वरच्या पायरीवर असतो. घेताना त्याला हात पुढे करावा लागतो. म्हणून काही जण घेताना वस्तूची निंदा करतात. येथे याहून स्वस्त मिळते, रंग बरा नाही, माप चुकले, असे ते म्हणत राहतात. काही जण मागण्यांची यादीच धाडतात आणि आलेल्यात काय राहिले तेवढेच पाहतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्याला कोणीतरी काही दिले, हे सरळपणे स्वीकारण्याची तयारी नाही. देणाऱ्यांचेही दोष आहेत. किमतीची चिठ्ठी मुद्दाम तशीच ठेवणारे, चार लोकांसमोर आपण काय काय पाठवले याची उजळणी करणारे आणि मुळात घरी कशाची गरज आहे हे कधी न विचारणारे, असे पाठवणारे आपल्याला ठाऊक आहेत. गीतेत सांगितलेले देश, काल आणि पात्र हे तीन निकष पार्सलाला किती चपखल बसतात पाहा. ज्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तिला उंची चपलांचा जोड पाठवणारा मुलगा दुष्ट नसतो. त्याने आईला बरेच दिवसांत नीट पाहिलेले नसते, इतकेच.

येथून आम्ही अधिक अवघड प्रश्नाकडे येतो. वस्तू माणसाची जागा घेऊ शकते का?

या प्रश्नाला एक संपूर्ण राष्ट्र रोज सामोरे जात आहे. फिलिपिन्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश. तेथील लक्षावधी स्त्रीपुरुष परिचारिका, खलाशी, घरकामगार म्हणून जगभर पसरले आहेत. ते घरी जे मोठे पुठ्ठ्याचे खोके पाठवतात, त्याला 'बालिकबायान' खोके म्हणतात. बालिकबायान म्हणजे मायदेशी परतणारा. १९७३ साली तेथील सरकारने परतणाऱ्या देशबांधवांसाठी एक योजना काढली आणि १९८७ च्या आदेशाने अशा खोक्यांना शुल्कात सवलत दिली. परतणाऱ्या माणसाचे नाव असे खोक्याला चिकटले. माणूस येत नाही, खोके येते. परमुलखातील खोलीच्या कोपऱ्यात ते महिनोन्‌महिने उघडे असते. पगार झाला की त्यात साबण पडतो, डबाबंद मांस पडते, मुलांचे बूट पडतात. भरले की ते जहाजाने निघते आणि कित्येक आठवड्यांनी घरी पोहोचते. २०१५ साली सीमाशुल्क खाते ही खोकी उघडून तपासणार अशी वार्ता आली, तेव्हा इतका क्षोभ झाला, की राष्ट्राध्यक्षांनाच सरसकट उघडून तपासणे थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. तो क्षोभ शुल्काच्या पैशापुरता नव्हता. त्या खोक्यात आपल्या आईने काय, कोणत्या क्रमाने आणि कशात गुंडाळून ठेवले आहे, हे परक्याने चाळू नये, ही त्यामागची भावना होती.

या खोक्याला कोणी पोकळ म्हणू नये. जी आई दुसऱ्याची मुले सांभाळून आपल्या मुलाच्या पावलाचे माप लक्षात ठेवते, तिच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु बूट पाठवणे आणि बूट घालायला शिकवणे यांत जे अंतर आहे, ते खोक्याने भरून निघत नाही, हे त्या आईइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल? पार्सल अनुपस्थितीवरचा उपाय नव्हे. ती अनुपस्थितीची खूण आहे. खूण म्हणून ती पवित्र आहे. उपाय म्हणून मात्र ती पुरेशी नाही.

संत पौलांच्या नावावरील आणखी एक पत्र येथे मार्गदर्शक ठरते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस ते त्रोवस येथे कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला आपला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे घेऊन येण्यास सांगतात. तुरुंगात थंडी असणार, झग्याची गरज खरीच होती. पण त्याच ओळींच्या मागेपुढे दोनदा विनवणी आहे. लवकर ये, आणि जमल्यास हिवाळ्यापूर्वी ये. झगा दुसऱ्या कोणाबरोबरही पाठवता आला असता. तीमथ्य दुसऱ्या कोणाबरोबर पाठवता येण्याजोगा नव्हता. आपल्या घरांतून जाणाऱ्या निरोपांतही पुष्कळदा हेच दडलेले असते. "बाळा, येताना ते गुडघ्याचे मलम आण हो," असे आई फोनवर म्हणते, तेव्हा तिच्या वाक्यातील महत्त्वाचा शब्द मलम हा नसून "येताना" हा असतो. मलम कुरियरने पाठवून देणाऱ्या मुलाने तिचे म्हणणे ऐकले खरे, पण अर्धेच ऐकले.

आता पार्सलातील सत्याविषयी. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पार्सलावर सीमाशुल्काचा कागद चिकटवावा लागतो. आत काय आहे, किती आहे, त्याची किंमत किती, ते भेट आहे की व्यापारी माल, हे लिहून पाठवणारा सही करतो. या रकान्यांत किंमत कमी लिहिणे, नव्या वस्तूला जुनी म्हणणे, विक्रीच्या मालाला भेट म्हणणे, हे आपल्याकडे पाप समजले जात नाही. आमच्या आधीच्या पिढीतील नीतिशास्त्राच्या काही पाठ्यपुस्तकांत असा एक विचार असे, की काही कायदे केवळ दंडापुरते असतात. पकडले गेल्यास दंड भरावा, एरवी सद्सद्‌विवेकावर भार नाही. जकातीचे उदाहरण तेथे हटकून येई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगाविषयीच्या आपल्या घटनापत्रात, न्याय्य कर चुकवणाऱ्यांना सामाजिक कर्तव्याची आठवण करून दिली आणि त्या पळवाटेला आधार उरला नाही. ज्या दवाखान्यात आपली आई रांगेत उभी राहते, तो सार्वजनिक पैशावर चालतो. तिला स्वेटर पाठवताना त्याच पैशाला चाट मारणे हे प्रेम म्हणता येणार नाही.

नियम कधीकधी जाचक असतात, हे आम्ही नाकारीत नाही. पूर्वी भारतात ठरावीक किमतीपर्यंतची भेट टपालाने शुल्काशिवाय येऊ शकत असे. काही व्यापारी कंपन्या या सवलतीचा गैरफायदा घेऊन विकलेला माल भेट म्हणून आणू लागल्या, तेव्हा २०१९ च्या डिसेंबरात सरकारने ती सवलत काढून घेतली. शुल्क भरून भेट मागवता येते. शुल्काशिवाय केवळ जीवरक्षक औषधे आणि राखी येऊ शकते; राखीबरोबरच्या भेटवस्तूला मात्र ही मुभा नाही. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालावरील शुल्कमाफी थांबवली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे नाकारावी लागली. ती सेवा १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. काहींच्या लबाडीची किंमत अनेकांच्या प्रेमाला द्यावी लागते, ती अशी. मात्र त्या कोरड्या नियमातही राखीला वाट ठेवलेली आहे, याचे आम्हांला अप्रूप वाटते. ज्या वस्तूची बाजारात किंमत जवळजवळ नाही, तिचे मोल कायद्याने ओळखले.

याच संदर्भात दुसऱ्याचे पुडके नेण्याविषयीही सांगितले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरात साधी समजली जाणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत मादक पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे बी-बियाणे व खाद्यपदार्थ यांविषयीचे नियम फार कडक आहेत. म्हणून जाणाऱ्याच्या हाती बंद पुडी देऊन "काही नाही, थोडा मसाला आहे," म्हणणे हा आग्रह प्रेमाचा असला तरी न्यायाचा नाही. आणि "उघडून दाखवा," असे म्हणणारा जाणारा उद्धट नव्हे. ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर असेल, तर त्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क त्या खांद्याला आहे.

परंतु सरकारला सांगितलेल्या असत्याहून अधिक खोल असे एक असत्य या खोक्यांतून ये-जा करते आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. परदेशी गेलेल्या मुलाची नोकरी सुटलेली असते. एका खोलीत सहा जणांनी राहून तो दिवस काढीत असतो. तरी नाताळाला खोके येते, त्यात अत्तर असते आणि त्या अत्तराचा अर्थ असतो, "मी सुखात आहे." इकडे वडिलांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली असते. तरी सुकेळ्यांचे पुडके वेळेवर जाते आणि त्याचा अर्थ असतो, "आमची काळजी करू नकोस." दोघेही प्रेमापोटीच लपवतात. परंतु अशा रीतीने वर्षे लोटतात आणि एके दिवशी विमानतळावर एकमेकांसमोर उभी राहतात ती दोन अनोळखी माणसे. प्रेमाने पाठवलेल्या वस्तूच प्रेमाच्या आड भिंत होऊन बसल्या, याहून दुर्दैव ते कोणते? फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या आजाराची वार्ता ऐकली होती आणि संत पौलांनीही ती आपल्या पत्रात लपवली नाही. तो मरणाच्या टेकीला आला होता, असे त्यांनी स्पष्ट कळवले. देणगीची पोच आणि दुःखाची वार्ता एकाच पत्रात गेली. म्हणून ती मंडळी आणि तो बंदिवान शेकडो कोसांच्या अंतरावरूनही एकमेकांचे राहिले.

वाचकहो, यातून आम्ही काही मोठे व्रत सुचवीत नाही. पार्सल पाठवण्यापूर्वी "काय हवे?" एवढेच न विचारता "कसे आहात?" हे विचारावे, आणि उत्तर ऐकण्यास वेळ द्यावा. खोक्यात हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी ठेवावी आणि तीत खरे लिहावे. कागदावरचे रकाने खरे भरावेत. पार्सल आले की त्याच दिवशी कळवावे आणि त्यात काय आले यापेक्षा आपले काय चालले आहे ते अधिक सांगावे. आलेल्यातला थोडा भाग शेजारी द्यावा, विशेषतः ज्या घरात परदेशातून कधी काही येत नाही त्या घरी. म्हणजे आहेराचा वानवळा होईल. आणि आपण तिकडे पाठवतो तेव्हा आपल्या मुलाबरोबर त्याच खोलीत राहणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाचा विचार व्हावा, ज्याचे घरी कोणी उरलेले नाही. सुकेळ्यांचे एक पुडके जास्त भरल्याने कोणाचे वजन मर्यादेबाहेर जात नाही.

परतफेडीची चिंता मात्र कोणी करू नये. आईवडिलांच्या ऋणाची, देशांतर करून राबणाऱ्या मुलांच्या ऋणाची, ओळखदेखही नसलेल्या पोस्टमनच्या ऋणाची फेड आपल्या हातून होणे नाही. जे आपल्या हाती आहे ते थोडे आहे आणि ते पुरेसे आहे. तुमचे पोहोचले, आम्ही असे आहोत आणि तुमची वाट पाहत आहोत, एवढे खरेपणाने कळवणे आपल्याला जमण्यासारखे आहे.